झायडलिट्स: फ्रेडरिक द ग्रेटचा घोडदळ सेनापती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा झायडलिट्स नेमका कोण?

पूर्ण नाव फ्रिडरिख विल्हेल्म फॉन झायडलिट्स. जन्म ३ फेब्रुवारी १७२१, मृत्यू १७७३. प्रशियाचा (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं एक राज्य) राजा फ्रेडरिक दुसरा, ज्याला सगळे फ्रेडरिक द ग्रेट म्हणतात, त्याच्या घोडदळातला सगळ्यात नावाजलेला सेनापती. १७५६ ते १७६३ चं सात वर्षांचं युद्ध, ज्यात ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया, स्वीडन असे सगळे मिळून एकट्या प्रशियाच्या मागे लागले होते (पाठीशी इंग्लंडचा पैसा होता, पण मैदानात मदत करायला फारसं कोणी नव्हतं), त्या युद्धात रोसबाख आणि त्सोर्नडोर्फ या दोन लढायांचं पारडं यानं फिरवलं.

बहुतेक ठिकाणी याचं वर्णन बेफाम, बेदरकार घोडेस्वार असं येतं. होताच तसा. पण बेफाम स्वार तेव्हा युरोपात पैशाला पासरी होते. याचं वेगळेपण मला दिसतं ते हे की याला थांबता यायचं, आणि एकदा सुटलेलं घोडदळ परत गोळा करून दुसऱ्यांदा घालता यायचं. बाकीच्यांना नेमकं तेच जमत नव्हतं.

लहानपण कसं गेलं? पवनचक्कीचा किस्सा खरा आहे का?

जन्म कालकारचा, हे गाव ऱ्हाइनच्या खालच्या भागात, तेव्हा प्रशियाच्या ताब्यातल्या क्लेव्ह संस्थानात होतं. वडील घोडदळातच अधिकारी होते, ते १७२८ मध्ये गेले, म्हणजे पोरगं सात वर्षांचं असताना, आणि आईकडे पैशाची चणचणच होती. तेराव्या वर्षी त्याला श्वेटच्या मार्ग्रेव्हकडे, म्हणजे तिथल्या सरदाराकडे, हुजऱ्या म्हणून पाठवलं, कारण वडिलांनी त्याच्याच हाताखाली नोकरी केली होती. हा मार्ग्रेव्ह विक्षिप्त आणि आडदांड म्हणून प्रसिद्ध. त्याला जीवघेण्या घोडेस्वारीची भारी हौस, आणि पोराला ती शिकायला याहून बरी (किंवा वाईट) जागा मिळाली नसती.

आता पवनचक्की. गरगर फिरणाऱ्या पात्यांच्या मधून यानं घोडा भरधाव काढला अशी गोष्ट सांगतात. त्याच्याबद्दलची सर्वात लोकप्रिय आख्यायिका हीच. डोळ्यानं बघितलेल्याचा पुरावा मागू नका, पण ही गोष्ट त्याच्याच नावावर चिकटली, दुसऱ्या कोणाच्या नाही, यावरून लोक त्याला काय समजत होते ते कळतं.

सैन्यात कसा आला?

१७४० मध्ये मार्ग्रेव्हच्याच क्युरासियर रेजिमेंटमध्ये (घोडदळाचे हे प्रकार खाली येतात) कॉर्नेट झाला, म्हणजे घोडदळातला अगदी खालचा अधिकारी, निशाण धरणारा. त्याच वर्षी फ्रेडरिक गादीवर आला आणि आल्या आल्या ऑस्ट्रियाचा सायलेशिया प्रांत बळकावायला निघाला, त्यामुळे पोराला शांततेत नोकरी करायची वेळच आली नाही. मे १७४२ मध्ये एका गावात थोड्याशा लोकांनिशी इतका चिवटपणे लढला की पकडला गेला तरी राजाच्या कानावर नाव गेलं, आणि त्याला सोडवून आणायला बदल्यात ऑस्ट्रियाचा कॅप्टन दिला. कॉर्नेटच्या बदल्यात कॅप्टन! १७४३ मध्ये राजानं त्याला हुसार रेजिमेंटमध्ये थेट कॅप्टन केलं.

इथे आणखी एक किस्सा चिकटवतात. घोडा शाबूत असेपर्यंत घोडदळाच्या अधिकाऱ्यानं पकडलं जाता कामा नये असं हा म्हणायचा, ते ऐकून राजानं त्याला पुलावर मधोमध गाठलं, दोन्ही बाजू अडवल्या आणि विचारलं आता काय करशील, तर यानं घोड्यासकट कठड्यावरून नदीत उडी टाकली. फिल्मी वाटतं ना? मलाही वाटतं. पण वाचायला मजा येते म्हणून ठेवलाय.

हुसार, ड्रॅगून, क्युरासियर यात फरक काय?

थोडक्यात. क्युरासियर म्हणजे मोठे घोडे, मोठी माणसं, छातीवर लोखंडी पत्रा, हातात लांब सरळ तलवार, काम समोरची फळी फोडणं. ड्रॅगून मुळात घोड्यावरून जाऊन खाली उतरून लढणारं पायदळ, पण या काळापर्यंत तेही घोडदळच झालेलं. हुसार म्हणजे हंगेरीकडून आलेली हलकी स्वारी, लहान चपळ घोडे, वाकडी तलवार, टेहळणी, छापे, पाठलाग, पुरवठा लुटणं. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हुसार लगेच कळतात.

झायडलिट्सनं तिन्हीत नोकरी केली. हे फार कमी जणांच्या वाट्याला यायचं. हुसारांचा चटपटीतपणा त्यानं नंतर जड क्युरासियरांच्या अंगात उतरवला.

प्रशियाचं घोडदळ आधीपासूनच भारी होतं का?

अजिबात नाही. फ्रेडरिकच्या बापाला उंच माणसांचं वेड, त्यामुळे घोडदळातही धिप्पाड माणसं धिप्पाड घोड्यांवर बसवलेली, आणि घोडे जपायचे म्हणून पळवायचेच नाहीत. फ्रेडरिकनंच पुढे लिहून ठेवलंय की हे म्हणजे हत्तींवर बसलेले राक्षस होते, ना वळता येत ना लढता येत. १० एप्रिल १७४१ ला मोलविट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या घोडदळानं यांना असं उधळलं की खुद्द राजा मैदान सोडून निघून गेला, आणि लढाई मागे पायदळानं जिंकली.

तिथून सुधारणा सुरू झाल्या. हल्ला करताना घोड्यावरून पिस्तूल झाडायची बंदी, फक्त तलवार. शत्रूचा हल्ला यायची वाट बघत उभा राहील त्या अधिकाऱ्याची नोकरी जाणार, आपण आधी निघायचं. स्वार गुडघ्याला गुडघा लावून. आणि अंतर वाढवत नेलं, १७५५ पर्यंत साधारण १८०० पावलांवरून हल्ला सुरू करायचा आणि शेवटची ६०० पावलं घोडे पूर्ण चौखूर, तेही फळी न मोडता. शेकडो घोडे पूर्ण वेगात एका रेषेत ठेवणं म्हणजे काय हे ज्यानं एक घोडा तरी हाकलाय त्याला विचारा.

मग यात झायडलिट्सचं काम कोणतं?

नियम राजाचे, पण ते प्रत्यक्षात करून दाखवले यानं. १७४५ मध्ये होहेनफ्रिडबेर्गच्या लढाईत सॅक्सनीचा एक जनरल पकडला आणि २४ व्या वर्षी मेजर झाला. १७५२ ला लेफ्टनंट कर्नल, १७५३ ला क्युरासियरांच्या आठव्या रेजिमेंटचा कमांडर, मुक्काम सायलेशियातलं ओलाऊ (आज पोलंडमध्ये आहे). दोन वर्षांत ही रेजिमेंट सगळ्या सैन्याला नमुना म्हणून दाखवायला लागले.

त्याची पद्धत अशी की कवायतीचं सपाट मैदान पुरेसं नाही, माणसाला एकट्याला घोडा खंदकावरून, कुंपणावरून, शेतातून, उतारावरून नेता आला पाहिजे, मग फळीत आणायचं. स्वतः पुढे. यात माणसं पडायची, हाडं मोडायची, काही मरायचीही. राजानं एकदा सरावात फारच माना मोडतायत म्हणून तक्रार केली तेव्हा यानं सांगितलं म्हणे की थोड्याशा मोडलेल्या मानांचा एवढा बाऊ केलात तर युद्धात लागतात तसे धाडसी स्वार महाराजांना मिळायचे नाहीत. आजच्या नजरेनं हे निर्दय आहे. तेव्हाच्याही काही जणांना वाटलं असणार.

कोलीनला प्रशिया हरलं, मग त्याला बढती कशी मिळाली?

१८ जून १७५७, बोहेमियातलं कोलीन. फ्रेडरिकचा पहिला मोठा पराभव. झायडलिट्सनं तिथे एका ब्रिगेडचा ताबा घेतला आणि ऑस्ट्रियाचा पाठलाग जोरदार प्रतिहल्ला करून रोखला, त्यामुळे हारलेलं सैन्य निदान सुटून निघालं. दोन दिवसांनी मेजर जनरल. त्सीटेननं (हा दुसरा मोठा घोडदळवाला, खाली येतो) अभिनंदन केलं तर हे म्हणाले, माझ्याकडून अजून काही काम करून घ्यायचं असेल तर वेळ झालीच होती, छत्तीस वर्षांचा झालोय मी! नम्रता हा काही त्याचा गुण नव्हता.

गोथाला काय झालं होतं?

हा माझा सर्वात आवडता भाग, कारण यात जवळपास कोणी मरत नाही.

सप्टेंबर १७५७. झायडलिट्सकडे गोथा शहराजवळ ड्रॅगून आणि हुसार मिळून दीड-दोन हजार स्वार. समोरून फ्रेंच सेनापती सुबीझ आणि जर्मन राज्यांच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सैन्याचा सेनापती हिल्डबुर्गहाउझेन आठ-दहा हजार माणसं घेऊन येतायत. हा शहर सोडून मागे सरकला. हे दोघे आत शिरले, आणि ड्यूकच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी जेवणाची तयारी सुरू झाली.

तेवढ्यात हा परत आला. आपल्या स्वारांना त्यानं एका लांबलचक पातळ रांगेत पसरवलं, लांबून बघणाऱ्याला वाटावं की मागे अजून फळ्या आहेत, आणि खुद्द राजाच सगळं सैन्य घेऊन येतोय अशी आवई शहरात पोचेल याची सोय केली. पाहुणे ताटावरून उठले आणि शहर सोडून पळाले. ते जेवण प्रशियन अधिकाऱ्यांनी जेवलं. हुसारांच्या हाती सैनिक थोडेच लागले, पण आचारी, न्हावी, नोकरचाकर, नटनट्या, अत्तराच्या बाटल्या आणि पोपट असा फ्रेंच अधिकाऱ्यांचा सगळा लवाजमा सापडला. चार-पाच पट मोठं सैन्य न लढता हललं, आणि त्या सैन्याच्या मनात काय बसलं असेल ते सात आठवड्यांनी दिसलं.

रोसबाखला काय केलं?

५ नोव्हेंबर १७५७, सॅक्सनीतलं रोसबाख गाव. फ्रेडरिककडे साधारण २२ हजार, समोर फ्रेंच आणि साम्राज्याचं सैन्य मिळून साधारण ४१ हजार, सेनापती तेच गोथाचे दोघे, आणि दोघांचं आपसात पटत नव्हतं. त्यांचा बेत असा की दक्षिणेकडून लांब वळसा घालून फ्रेडरिकच्या डाव्या बगलेवर आणि पाठीवर जायचं. निशाण, वाद्यं, तीन लांब रांगा, आणि पुढे टेहळणी जवळजवळ नाही.

राजा गावातल्या वाड्यात जेवत होता. वरच्या माळ्यावरून टेहळणी करणाऱ्या कॅप्टननं येऊन सांगितलं की शत्रू वळसा घालतोय, तर राजानं आधी विश्वासच ठेवला नाही. थोड्या वेळानं स्वतः बघितलं आणि हुकूम सुटले, काही मिनिटांत तंबू खाली. लांबून बघणाऱ्यांना वाटलं प्रशियन पळायला लागले, म्हणून त्यांनी अजून घाई केली, त्यांचं घोडदळ पायदळाला मागे टाकून पुढे आलं.

राजानं सगळं घोडदळ, ३८ स्क्वाड्रन (म्हणजे स्वारांच्या तुकड्या), झायडलिट्सच्या हाती दिलं, दोन सीनियर जनरल डावलून. तो त्यांना म्हणाला, मंडळी, मी राजाचं ऐकतो आणि तुम्ही माझं ऐकता. (हे वाक्य पाठ करून ठेवावं असं आहे, ऑफिसात मात्र वापरू नका.)

मग तो यानुस टेकडीच्या आडून निघाला. टेकडी छोटी, पण शत्रूला पलीकडचं दिसू नये एवढी उंच. शत्रूच्या रांगेला समांतर, त्यांच्यापेक्षा वेगानं, पुढे गेला आणि त्यांच्या तोंडाच्या समोर निघाला. मार्चच्या रांगेत चाललेल्या घोडदळाला फळी धरायला वेळ लागतो, तो मिळाला नाही. पहिली ओळ धडकली. ऑस्ट्रियाच्या दोन क्युरासियर रेजिमेंट पटकन फळी धरून खरोखर चांगल्या लढल्या, तेव्हा यानं मागची ओळ घातली आणि सगळं मोडलं.

आणि आता जे झालं ते महत्त्वाचं. कोणत्याही दुसऱ्या घोडदळानं इथे पळणाऱ्यांच्या मागे दोन-चार कोस जाऊन लूट केली असती, आणि संध्याकाळी थकलेले घोडे घेऊन परत आलं असतं. यानं कर्णे वाजवून सगळ्यांना थांबवलं, टागेवेर्बेन गावाजवळच्या खोलगट जागेत पुन्हा फळी धरली आणि उभा राहिला. टेकडीवरच्या १८ जड तोफा शत्रूच्या पायदळाला झोडत होत्या, समोरून राजाचा भाऊ प्रिन्स हेन्री पायदळ घेऊन येत होता, आणि शत्रूचं पायदळ डगमगायला लागलं त्या क्षणी हा बाजूनं आणि मागून त्याच्यावर पडला. दीड तासात खेळ खलास. प्रशियाच्या पायदळाच्या फक्त सात बटालियननी बंदुका झाडल्या. प्रशियाचे मेलेले-जखमी साडेपाचशेच्या आसपास, समोरच्यांचे कैदी धरून दहा हजारांच्या घरात.

त्याच रात्री लेफ्टनंट जनरल आणि ब्लॅक ईगल, म्हणजे प्रशियाचा सर्वोच्च सन्मान. जखम मात्र झाली होती, काही महिने अंथरुणात गेले.

पाइप हवेत फेकून हल्ल्याचा इशारा द्यायचा, हे खरं का?

पाइप सतत तोंडात असायचा आणि रोसबाखला तो हवेत भिरकावून त्यानं हल्ला सुरू केला असं सांगतात. चित्रकारांना हे दृश्य फार आवडलं. खरं-खोटं कसंही असो, हजारो स्वारांना एक पाइप दिसणार नाही हे उघड आहे, हुकूम कर्ण्यानंच जायचे.

त्सोर्नडोर्फला त्यानं राजाचा हुकूम मोडला का?

हो आणि नाही. २५ ऑगस्ट १७५८, समोर जनरल फेर्मोरचं रशियन सैन्य. प्रशिया साधारण ३६ हजार, रशिया ४३ हजार. उन्हाळा, धूळ, तोफांचा धूर, दहा पावलांवरचं दिसेना. प्रशियाच्या डाव्या बाजूच्या पायदळाचा हल्ला पार कोसळला, रशियन बाहेर पडून मागे लागले, आणि राजाला वाटलं आत्ताच्या आत्ता घोडदळ घाला.

झायडलिट्स आपले ३६ स्क्वाड्रन घेऊन त्साबेर्नग्रुंड नावाच्या दलदलीच्या घळीपलीकडे उभा होता. घळ ओलांडायला जागा कुठे आहेत त्या शोधून तयार ठेवलेल्या. पण रशियन अजून फळीत होते. राजाचा निरोप आला, हलला नाही. परत आला, हलला नाही. शेवटी धमकीच आली की याचा जाब डोक्यानिशी द्यावा लागेल. उत्तर गेलं: महाराजांना सांगा, लढाई झाल्यावर माझं डोकं त्यांच्या हवाली आहे, तोवर मला ते त्यांच्याच कामासाठी वापरू द्या.

मग रशियन पुरेसे पुढे आले, त्यांची फळी विस्कटली, आणि हा तीन रांगांतून घळ ओलांडून त्यांच्या बगलेवर पडला. त्यांची उजवी बाजू मोडली. दुपारनंतर दुसऱ्या बाजूला परत तीच वेळ आली तेव्हा त्यानं सकाळी लढलेले घोडे गोळा करून, नवे मिळवून ६१ स्क्वाड्रन घातले. रशियन पायदळ मात्र पळालं नाही, जागच्या जागी कापलं गेलं. प्रशियाचे जवळपास १३ हजार, रशियाचे साधारण १८ हजार पडले, आणि रशियन सैन्य मैदानावरून पूर्णपणे हटलंही नाही. हा काही स्वच्छ विजय नव्हता. पण झायडलिट्स त्या पहिल्या निरोपावर निघाला असता तर बंदुका रोखून उभ्या असलेल्या अखंड फळीवर आपटला असता, आणि मग प्रशियाकडे काहीच उरलं नसतं.

मग शिक्षा झाली का?

छे. राजानं मान्य केलं की याच्याशिवाय आज आपलं काही खरं नव्हतं. डोकं खांद्यावरच राहिलं.

होखकिर्ख आणि कुनर्सडोर्फ?

दोन्ही पराभव. १४ ऑक्टोबर १७५८ ला होखकिर्खला ऑस्ट्रियानं पहाटे झोपेत गाठलं, आणि सैन्य मागे नेताना १०८ स्क्वाड्रननिशी यानं पाठ सांभाळली. १२ ऑगस्ट १७५९ ला कुनर्सडोर्फला रशियन टेकडीवर, तोफांमागे पक्के बसलेले, तिथे घोडदळ घालायची जागाच नव्हती तरी घातलं गेलं, आणि हा गंभीर जखमी झाला. त्यानंतर तब्येत कधीच पूर्ववत झाली नाही. बरा होत असतानाच १७६० मध्ये लग्न, काउंटेस आल्बेर्टिन फॉन हाकेशी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियन बर्लिनवर चालून आले तेव्हा हा धड बरा नसतानाही शहराच्या बचावाला उभा राहिला.

त्सीटेन मोठा की झायडलिट्स?

हा वाद अजून चालतो. हान्स योआखिम फॉन त्सीटेन, जन्म १६९९, हुसारांचा बाप माणूस, छापे आणि पाठलागात त्याचा हात धरणारा नाही, शिवाय १७६० ची टोरगाऊची लढाई त्यानंच शेवटी ओढून आणली. जगला पण ८६ वर्षं. पण मोठ्या लढाईत हजारो घोडे एकदम, योग्य क्षणी, दोनदा घालायचे असतील तर माझं मत झायडलिट्सला.

फक्त घोडदळच जमायचं का त्याला?

लोकांना तसंच वाटायचं. १७६१ मध्ये तो परत आला तेव्हा प्रिन्स हेन्रीच्या सैन्यात पायदळ, तोफा, घोडदळ असा मिश्र भाग हाताखाली दिला, त्यावर बरीच कुजबुज झाली. २९ ऑक्टोबर १७६२ ला फ्रायबेर्गला त्यानं आधी पायदळ पुढे नेलं, मग घोडदळ, आणि निकाल लावला. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यातली ती शेवटची मोठी लढाई, फेब्रुवारी १७६३ ला हुबेर्टुसबुर्गचा तह झाला.

तेव्हा आपल्याकडे काय चालू होतं?

हेच युद्ध इंग्रज आणि फ्रेंच भारतातही लढत होते. कोलीननंतर पाचच दिवसांनी, २३ जून १७५७ ला, प्लासी झाली. आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, त्याचा या युद्धाशी थेट संबंध नाही, पण झायडलिट्स तेव्हा जखमांमुळे घरी होता एवढं कालमापनाला पुरे.

शेवट कसा झाला?

तसा दुःखीच. युद्धानंतर सायलेशियातल्या घोडदळाचा इन्स्पेक्टर जनरल झाला, अकरा रेजिमेंट हाताखाली, आणि राजा आपले होतकरू अधिकारी मुद्दाम याच्याकडे शिकायला पाठवायचा. १७६७ मध्ये जनरल ऑफ कॅव्हलरी. पण घरी सगळं बिनसलेलं, बायकोशी पटलं नाही, पुढे दोन्ही मुलींचे संसारही मोडले. राजाशीही कशावरून तरी वाजलं आणि बरीच वर्षं दुरावा राहिला. शेवटच्या आजारात फ्रेडरिक भेटायला आला, त्यानंतर थोड्याच दिवसांत, ओलाऊलाच, अर्धांगानं गेला. वय ५२.

आज त्याची आठवण कुठे दिसते?

बर्लिनमध्ये दोन ठिकाणी. विल्हेल्मप्लात्स या चौकात राजानं आपल्या सेनापतींचे संगमरवरी पुतळे उभे केले होते, त्यात याचा आहे, मूळ पुतळा आता बोडे म्युझियममध्ये आणि चौकाच्या परिसरात ब्राँझची प्रत. दुसरं म्हणजे उंटर डेन लिंडेन रस्त्यावरचा फ्रेडरिकचा १८५१ चा प्रचंड अश्वारूढ पुतळा. त्याच्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार घोडेस्वार आहेत, प्रिन्स हेन्री, ब्रन्सविकचा फर्डिनांड, त्सीटेन आणि आपला झायडलिट्स. कांट आणि लेसिंगसारख्या विचारवंतांना मात्र राजाच्या घोड्याच्या शेपटीखाली जागा मिळालीय, बर्लिनकर यावर अजून टोमणे मारतात.

शिवाय जर्मन नौदलाच्या एका बॅटलक्रूझरला, म्हणजे मोठ्या वेगवान युद्धनौकेला, त्याचं नाव होतं. पहिल्या महायुद्धातल्या १९१६ च्या जटलंडच्या आरमारी लढाईत ते जहाज इतकं फुटलं की हजारो टन पाणी पोटात घेऊन कसंबसं बंदरात पोचलं, दुरुस्त झालं, आणि १९१९ मध्ये स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लोला जर्मनांनी तिथे अडकवून ठेवलेलं आपलं आरमार स्वतःच्या हातानं बुडवलं त्यात तेही बुडवलं. १९२८ मध्ये वर काढून भंगारात विकलं.